निम्म्या पगाराचं शहर

मालेगावच्या हद्दीबाहेर कुठल्याही खेड्यात जा. तिथे जिल्हा परिषदेची शाळा असते आणि तिथल्या गुरुजींचा पगार राज्य सरकार देतं, पूर्ण. हद्दीच्या आत महानगरपालिकेची शाळा असते. तिथल्या शिक्षकाच्या पगाराचा निम्मा वाटा राज्य उचलतं आणि उरलेला निम्मा महानगरपालिकेने स्वतःच्या तिजोरीतून भरायचा असतो. मूल दोन्हीकडे सारखंच गरीब. फरक एवढाच की खेड्यातल्या मुलाचा बाप शेतावर मजुरीला जातो आणि शहरातल्या मुलाचा बाप पावरलूमवर बारा तासांची पाळी करतो.

मालेगावच्या शाळांवर बोलणी निघाली की ही गोष्ट कुणी काढत नाही. ज्या गोष्टी काढल्या जातात त्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. मुसलमानांना शिक्षणाची आवड नाही, पोरं मदरशात जातात, उर्दूने घात केला, आईबाप अडाणी. मदरशाचं उत्तर सच्चर समितीने २००६ सालीच दिलं आहे. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम ३ टक्के. म्हणजे बाकीची मुलं एकतर शाळेत आहेत, नाहीतर कामावर. त्यातली गरिबातली गरीब मुलं जिथे जातात त्या शाळेबद्दल आपण बोलायला हवं. ती शाळा सरकारी आहे आणि ती चालवण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली आहे त्याच्या खिशात पैसे नाहीत.

२००१ मध्ये मालेगाव नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८१ हजार होती. नाव मोठं झालं, उत्पन्न वाढलं नाही. मुंबईही महापालिका आणि मालेगावही महापालिका, पण मुंबईचं शिक्षणाचं एका वर्षाचं अंदाजपत्रक तीन हजार कोटींच्या पुढे असतं आणि मालेगाव 'ड' वर्गात मोडतं. इथला मुख्य धंदा सुती कापडाचा. मुख्य रस्त्यांपासून आत वळलात की घर आणि कारखाना यांच्यातली भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. अशा वस्तीतून घरपट्टी किती निघणार? पूर्वी जकात होती, ती गेली. मग एलबीटी आला, तोही गेला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून अशी शहरं राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. त्या पैशात गटार, पाणी, रस्ते, कचरा, सफाई कामगारांचा पगार, आणि मग शिक्षकाचा निम्मा पगार.

आता घटकाभर आयुक्तांच्या खुर्चीत बसून बघा. शिक्षण विभाग सांगतो की इतकी पदं रिकामी आहेत. प्रत्येक पद भरलं की निम्मा पगार कायमचा आपल्या गळ्यात. पद रिकामं राहिलं तर कुणी मोर्चा आणत नाही, वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे जोडून दिला की दिवस निघतो. पगार थकला तर मात्र संघटना दारात येते. मग माणूस काय करेल? पद रिकामं ठेवेल. यात आयुक्त दुष्ट असण्याची गरज नाही आणि मुस्लिमद्वेष्टा असण्याचीही नाही. हिशेबच तसा मांडून ठेवला आहे की मुलाला शिक्षक न देणं शहाणपणाचं ठरावं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, प्राथमिक वर्गांना ३० मुलांमागे एक शिक्षक हवा असं तो सांगतो. पण निम्मे पैसे कुठून आणायचे हे तो मालेगावला सांगत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी कोरडी, कारकुनी वाटेल अशी आहे. 'ड' वर्गातल्या महापालिकांच्या प्राथमिक शिक्षकांचा पगार राज्याने जिल्हा परिषदेप्रमाणे पूर्ण द्यावा. ही मुसलमानांची मागणी नाही. धुळे, जळगाव, अकोला, भिवंडी या शहरांतल्या मनपा शाळांनाही तिचा तेवढाच उपयोग आहे. मालेगावातही मोसम नदीच्या दुसऱ्या बाजूला मनपाच्या मराठी शाळा आहेत. जमलं त्यांनी मुलं खासगी इंग्रजी शाळेत नेली. जी उरली ती दलित, आदिवासी, हातगाडीवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची. नदीच्या दोन्ही काठांवरची मुलं एकाच रिकाम्या तिजोरीवर अवलंबून आहेत. हे त्यांच्या आईबापांना आजवर कुणी एकत्र बसवून सांगितलेलं नाही, कारण निवडणुकीत त्यांना वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात.

पैसा आला तरी उर्दू शाळेत शिक्षक येईलच असं नाही, आणि ही गुंतागुंत जरा नीट समजून घ्यायला हवी. उर्दू माध्यमाच्या पदांनाही नियमाप्रमाणे आरक्षण लागू होतं आणि ते व्हायलाच हवं. पण अनुसूचित जाती आणि जमातीसाठी राखीव असलेल्या उर्दू पदाला उर्दूतून शिकलेला उमेदवार मिळत नाही. ओबीसीच्या जागा मुस्लिम ओबीसींमधून भरतात, या जागा मात्र भरती येवो, जाहिरात निघो, रिकाम्याच राहतात. वर्गात पोरं बसलेली, कागदावर पद मंजूर, आणि त्या पदावर यायला अख्ख्या जिल्ह्यात माणूस नाही. यात दोघांचं नुकसान होतं. मुस्लिम मुलाला शिक्षक मिळत नाही आणि दलित-आदिवासी तरुणाला नोकरी मिळत नाही.

आपल्याकडे काही लोक यावर सरळ म्हणतात, उर्दू शाळांतलं हे आरक्षण काढून टाका. मला हे मान्य नाही. एका वंचिताचा हक्क काढून दुसऱ्याच्या ताटात वाढायचा हा प्रकार आहे, आणि ज्यांना आपलं भांडण हवंच आहे त्यांच्या तो पथ्यावर पडेल. मार्ग साधा आहे. बिंदुनामावली माध्यमाप्रमाणे न पाहता त्या महापालिकेच्या सगळ्या माध्यमांची मिळून पाहावी. उर्दूत न भरणारी अनुसूचित जाती-जमातीची जितकी पदं असतील तितकी मराठी माध्यमात वाढवून त्याच समाजाच्या उमेदवारांनी भरावीत आणि तिकडची तितकीच खुली पदं उर्दूकडे घ्यावीत. एकूण आरक्षण एका पदानेही कमी होत नाही. यासाठी आंबेडकरी संघटनांच्या कार्यकर्त्यांबरोबर बसून एकच निवेदन तयार करावं लागेल. आपल्या शिक्षण परिषदांत हा विषय 'उर्दू के साथ नाइन्साफी' या मथळ्याखाली येतो, टाळ्या पडतात, बिर्याणी होते आणि निवेदन राहून जातं.

आता मराठीबद्दल. हा विषय निघाला की उर्दूवाले मित्र सावध होतात, म्हणून आधीच सांगतो. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालं, घरात दखनी बोलत मोठा झालो, आणि तरीही मालेगावच्या पहिलीतल्या मुलाला उर्दूतून शिकवू नये असं मी म्हणणार नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचं बंधन घटनेच्या ३५० अ कलमाने राज्यावर टाकलं आहे. हमीद दलवाईंचा आग्रह मुसलमानांनी राज्याच्या भाषेतून शिकावं असा होता. त्यामागची तळमळ मला पटते, पण मालेगावच्या गल्लीतल्या सहा वर्षांच्या मुलाला एकदम मराठी वर्गात बसवलं तर ते वर्षभर गप्प बसेल आणि दुसऱ्या वर्षी यायचं बंद होईल, असं मला वाटतं.

पण मराठी शिकवायची आहे ना? की तीही नको? महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. बालभारती उर्दू शाळांसाठी मराठीचं वेगळं, सोपं पुस्तक काढते, सुलभभारती. पुस्तक वाईट नाही. ते शिकवणाऱ्याचं काय? मराठी शिकवणारा बहुतेक वेळा त्याच शाळेतून, त्याच पद्धतीने शिकून आलेला असतो. त्याला मराठी वाचता येते, बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मनपा उर्दू शाळेत मी मराठीचा तास बसून पाहिला. सर धड्यातलं एक वाक्य वाचत, मुलं ते कोरसमध्ये म्हणत, मग सर त्याचं उर्दू सांगत. पाऊण तासात एकाही मुलाने स्वतःचं असं एक मराठी वाक्य बोललं नाही. तास संपल्यावर मी एका मुलाला विचारलं, "तुझं नाव काय?" तो सरांकडे पाहू लागला. मग मी विचारलं, "बेटा, नाम क्या है?" तर नाव, अब्बांचं नाव, गल्ली, पतंगांचे भाव, सगळं सांगून मोकळा झाला. पोरगा हुशार होता हो.

याच मुलाला पुढे पोलीस भरतीचा पेपर मराठीत सोडवायचा आहे. तलाठी व्हायचं असेल तरी मराठी, तहसीलमध्ये दाखला काढायचा तरी मराठी, रेशनच्या अर्जावरही मराठी. दहावीला उर्दूतून चांगले गुण मिळवलेली मुलं या दारांसमोर येऊन थबकतात आणि मग म्हणतात, आमच्याशी भेदभाव होतो. भेदभाव होतही असेल, नाही म्हणत नाही. पण दहा वर्षं मराठीचा तास घेऊन मराठी न शिकवणं हाही भेदभावच आहे, आणि तो आपल्याच वर्गखोलीत होतो.

उपाय फार खर्चिक नाही. त्याच महापालिकेच्या मराठी शाळांचा पट उतरला की तिथले शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि त्यांना दुसरीकडे समायोजित करावं लागतं. त्यांना उर्दू शाळांत फक्त मराठी बोलायला शिकवण्यासाठी पाठवा. पहिली दोन वर्षं पुस्तकच उघडू नका. गाणी, खेळ, बाजार-बाजार, एसटीचा कंडक्टर, दवाखाना, एवढ्यावर चालू द्या. आणि उर्दूतले शिक्षक मराठी शाळांत जाऊन आठवड्यातून एक तास काही घेणार असतील तर मला फार आवडेल, पण ते आज कोण करू देणार!

आता गळतीकडे येतो. मनपाच्या शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत. पुढे खासगी अनुदानित हायस्कूल गाठायचं. कागदावर हे फक्त दाखला काढून दुसरीकडे नाव घालण्याचं काम आहे. कारखान्यातल्या घरात ते तसं नसतं. पोरगा दहा-बारा वर्षांचा झाला की कांडी भरायला हाताशी येतो. आधी शाळा सुटल्यावर, मग पाळी अडली की एखाद्या दिवशी शाळा बुडवून. २०१६ च्या बालमजुरी कायद्यातल्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करायला मुलांना मोकळीक दिली. आता ज्या गल्लीत घर आणि कारखाना एकच आहेत तिथे घरचा धंदा कुठे संपतो आणि मजुरी कुठे सुरू होते हे कुठला निरीक्षक ठरवणार? सातवीचा निकाल लागतो, दाखला घ्यायला कुणी येत नाही, आणि पोरगा सांच्यावर उभा राहतो. आठवड्याला हातात पैसे येतात. त्या पैशांशी हायस्कूलच्या आठवीने स्पर्धा करायची असते.

मुलींचं चित्र बऱ्याच मोहल्ल्यांत उलटं दिसतं. मुली शिकत राहतात, भावांच्या पुढे जातात, दहावी-बारावी करतात, डी.एड. करतात आणि घरी बसतात. माझ्या खालाच्या सासरी मालेगावात तीन बहिणी आहेत. तिघी बारावीच्या पुढे शिकलेल्या आणि त्यांचा भाऊ सातवी. लग्न जमवताना खाला हैराण होते, तो विषय वेगळा.

सुधारणेसाठी आपल्याकडे हाताशी असलेलं सगळ्यात मोठं भांडवल या मुली आहेत, असं मला वाटतं. याला आधार आहे. १९९५ मध्ये मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था सुरू केली. तिचा 'बालसखी' नावाचा कार्यक्रम मनपा शाळांत चालला. वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट रोज दोनेक तास वेगळा घेऊन बसायची आणि त्यांना वाचन आणि आकडेमोड पहिल्यापासून शिकवायची. मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाची काटेकोर तपासणी केली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांचे गुण स्पष्ट वाढले होते आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात कच्च्या मुलांना झाला होता. कार्यक्रम थांबल्यावर तो फायदा बराचसा ओसरला हेही त्याच तपासणीत आहे. म्हणजे एक वर्ष फोटो काढून बंद करायची ही गोष्ट नाही.

डिजिटल फळे आणि टॅब यांच्यावर मी इथे फार बोलत नाही. जिथे वीज जाते आणि शिक्षक नसतो तिथे ते कपाटात राहतात. मोहल्ल्यातली बारावी झालेली मुलगी कपाटात राहत नाही. तिला मानधन द्या, महिनाभराचं प्रशिक्षण द्या, आणि तिच्या गल्लीतल्या शाळेत सकाळी दोन तास बसवा. शिक्षकाची जागा मारण्यासाठी नव्हे. कायमची पदं भरायचीच आहेत. स्वस्तात मुलगी मिळाली म्हणून आयुक्तांनी पद रद्द केलं तर पहिला विरोध मी करीन.

आता आपल्या संस्थांकडे वळतो, कारण सगळं सरकारवर टाकून मोकळं होणं मला जमत नाही. मालेगावात मुसलमानांनी स्वतःच्या पैशाने, कष्टाने शाळा उभारल्या आहेत, त्या नसत्या तर शहराचं काय झालं असतं कल्पना करवत नाही. घटनेच्या ३० व्या कलमाने या संस्थांना स्वतःचा कारभार करण्याचा हक्क दिला आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात निकाल दिला की अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही. त्यामुळे गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचं बंधनही त्यांच्यावर नाही. याचा अर्थ ज्या शहरात बहुतेक चांगल्या खासगी शाळा अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत, तिथल्या गरीब मुस्लिम मुलाला हा हक्क जवळपास नाहीच. नाशिकच्या पोराला लॉटरीत नंबर लागू शकतो, मालेगावच्या पोराला लॉटरीच नाही.

कायदा सांगत नाही म्हणून करायचं नाही, असं कुठे आहे? जकात आणि सदक्यावर उभ्या राहिलेल्या संस्थांना कांडीवाल्याच्या पोरासाठी चार जागा ठेवायला न्यायालयाची गरज का लागावी? आणि शिक्षक नेमताना घेतली जाणारी 'देणगी' ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, लिहीत कुणी नाही. पैसे देऊन लागलेला शिक्षक आधी आपले पैसे वसूल करायच्या मागे असतो. त्याच्या वर्गात मराठी बोलली जात नाही याचं आश्चर्य मला वाटत नाही. २०१४ मध्ये मुस्लिमांच्या ५ टक्के आरक्षणापैकी शिक्षणातला भाग मुंबई उच्च न्यायालयाने तात्पुरता का होईना चालू राहू दिला, तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही, आणि आपण त्यावर आजही सभा घेतो. घ्याव्यातच. पण ते आरक्षण महाविद्यालयाच्या दारात मिळणार. सातवीनंतर सांच्यावर गेलेला मुलगा त्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

एक अगदी छोटी गोष्ट. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. प्रत्यक्षात तो मुख्याध्यापक करतात आणि सह्या घरोघरी शिपाई गोळा करतो. बैठक ठेवतात कामाच्या दिवशी सकाळी अकराला. दिवसपाळीवाला बाप तेव्हा कारखान्यात, रातपाळीवाला झोपेत, आई कांडीवर. मालेगावात लूम शुक्रवारी बंद असतात हे शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर बैठक घ्या. मौलाना साहेबांनी खुत्ब्यात एक वाक्य बोलावं की आज शाळेत मीटिंग आहे, अम्मी-अब्बा दोघांनी जायचं. बघा किती लोक येतात.

तिथे आलेल्या पालकाने काय विचारायचं तेही सांगतो. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि रिकामी पदं भरतीसाठी शासनाकडे कोणत्या तारखेला कळवली. पत्राचा जावक क्रमांक मागा. २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर शहरात प्रशासक बसला, तेव्हा हे विचारायला समोर कुणी लोकप्रतिनिधी नव्हता, अशी सबब होती. नगरसेवक दारात मत मागायला येतो तेव्हा गटार आणि नळाबरोबर हा जावक क्रमांकही त्याच्याकडे मागायचा. तो म्हणेल, शोधून सांगतो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारायचं.